मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग तर्खडकर

व्याकरणाचा तास म्हटला की वर्गावर एक प्रकारची उदास शांतता पसरते, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना परिचित आहे. कवितेच्या तासाला डोळे चमकतात, इतिहासाच्या तासाला कान टवकारतात. पण फळ्यावर ‘प्रयोग’ हा शब्द उमटताच निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागतो. दोष विद्यार्थ्यांचाच आहे असे आम्हीही पुष्कळ दिवस मानीत होतो. तो पुष्कळसा आमचाच होता, हे एका लहानशा प्रसंगाने आम्हांस कळून आले. आज ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही सांगणार आहोत, त्याच्याकडे त्याच प्रसंगाने आम्हांस नेले; म्हणून प्रथम तो सांगणे उचित होईल.

सातवीच्या वर्गात उन्हाळ्याच्या सुट्टीवर निबंध लिहावयास सांगितला होता. एका विद्यार्थ्याने लिहिले होते : ‘सुट्टीत मी पुष्कळ आंबे खाल्लो.’ आम्ही नित्याप्रमाणे तांबडी रेघ मारली, वर ‘खाल्ले’ असे लिहिले आणि वाक्य दहा वेळा लिहून आणण्याची आज्ञा केली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो आमच्यापाशी आला आणि त्याने नम्रपणे एक शंका विचारली. मी पाणी प्यालो हे बरोबर, मी धडा शिकलो हेही बरोबर. मग मी आंबे खाल्लो हेच का चुकीचे? आमच्यापाशी उत्तर नव्हते. रूढी तशी आहे, एवढे बोलून आम्ही त्याला जागेवर पाठविले. पुढच्याच आठवड्यात त्याने पुन्हा लिहिले, ‘मी मामाला पत्र लिहिलो.’ दहा वेळा गिरविलेले वाक्य वहीतच राहिले होते. त्यामागील नियम त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता, कारण तो आम्हीच त्याला दिला नव्हता.

त्या सायंकाळी आम्ही मराठी व्याकरणाची जुनी पुस्तके काढून बसलो, आणि त्यांचा मागोवा घेता घेता ज्यांस मराठीचे पाणिनी म्हणतात त्या दादोबा पांडुरंगांपर्यंत येऊन पोहोचलो.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईनजीकच्या तर्खड गावचे. त्यावरूनच तर्खडकर हे आडनाव पडले. पेशवाई अजून नांदत होती, परंतु मुंबईत इंग्रजांचा अंमल स्थिरावला होता. जुने आणि नवे अशी दोन जगे त्या नगरीत शेजारी शेजारी राहत होती. एकीकडे पंतोजींची शाळा, धुळपाटी आणि छडी. दुसरीकडे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने काढलेली नव्या पद्धतीची विद्यालये. दादोबांनी दोन्ही जगे पाहिली. सोसायटीच्या शाळेत त्यांनी इंग्रजी विद्या संपादन केली आणि संस्कृत व फारसी ह्या भाषांचाही परिचय करून घेतला.

हे सारे घराणेच विलक्षण बुद्धिमान होते. त्यांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली वृत्तपत्रांतून पत्रे लिहून इंग्रजी राज्यकारभारावर कठोर टीका केली. दुसरे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्ध आहेत. अशा तिघा भावांतील वडील भावाने आपल्या बुद्धीचा पहिला उपयोग कशासाठी केला? रोजच्या बोलण्यातील वाक्य कसे घडते, हे शोधून काढण्यासाठी.

आज आपणांस मराठी व्याकरणाची पुस्तके हवी तितकी मिळतात, म्हणून ह्या कार्याचे मोल चटकन ध्यानी येत नाही. दादोबांच्या बालपणीची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. व्यवहारातील मराठी मोडी लिपीत लिहिली जाई. त्या लेखनात ओळ सलग चाले. दोन शब्दांत अंतर नसे, आणि वाक्य कोठे संपले हे दाखविणारे चिन्हही नसे. वाचणाराने अर्थाच्या धोरणाने तोडून वाचावे, अशी रीत होती. स्वल्पविराम, पूर्णविराम इत्यादी चिन्हे मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांस देतात, आणि तो काळही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. बोलण्यात वाक्य होते. कागदावर मात्र त्याला स्वतंत्र आकार अद्याप यावयाचा होता.

व्याकरणे मुळीच नव्हती असे नाही. परंतु ती बहुधा परक्यांनी परक्यांसाठी रचिलेली होती. पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी कोकणी भाषेचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण होय. आमची मातृभाषा कोकणी असल्यामुळे ह्या गोष्टीचा आम्हांस अभिमान वाटतो. पण तेही बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांच्या सोयीसाठी होते, हे विसरता येत नाही. मराठीचे व्याकरण विल्यम कॅरी यांनी १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले, तेही इंग्रजीत, इंग्रज शिकाऊ अधिकाऱ्यांकरिता. १८२५ साली मुंबईत महंमद इब्राहिम मकबा यांचे व्याकरण निघाले, त्याचीही भाषा इंग्रजीच. शास्त्रीमंडळींनी सिद्ध केलेला मराठी कोश १८२९ मध्ये आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला. शब्दांची मोजदाद झाली होती. परंतु ते शब्द कोणत्या नियमाने एकत्र येऊन वाक्य बनते, हे मराठी मुलाला त्याच्याच भाषेत सांगणारे पुस्तक हवे होते.

ते १८३६ साली आले. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हे त्याचे नाव, आणि ग्रंथकर्ते दादोबा अवघे बावीस वर्षांचे होते! त्याच वर्षी गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण प्रसिद्ध झाले. परंतु शाळांतून पिढ्यान् पिढ्या जे रुजले, ते दादोबांचे.

दादोबांसमोर दोन आदर्श होते. एक संस्कृत व्याकरणाचा, हजारो वर्षांच्या परंपरेचा; दुसरा इंग्रजी शाळांत शिकविल्या जाणाऱ्या लिंडले मरे यांच्या व्याकरणाचा. दोहोंकडून त्यांनी घेतले. मांडणीची शिस्त इंग्रजीकडून आली, पुष्कळशा संज्ञा संस्कृताकडून आल्या. परंतु अंगरखा दुसऱ्याचा असला तरी माप आपल्याच अंगाचे घ्यावे लागते. मराठी ही संस्कृताची सावली नव्हे आणि इंग्रजीची नक्कलही नव्हे; ती लोकांच्या तोंडी जशी आहे तशी पाहिल्यावाचून तिचे नियम हाती लागत नाहीत.

ह्याचे उदाहरण म्हणून आमच्या विद्यार्थ्याचेच वाक्य घेऊ. भूतकाळी ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी आंबे खाल्ले’, ‘मी पोळी खाल्ली’ असे आपण म्हणतो. खाणारा एकच आहे, परंतु क्रियापद मात्र आंब्याकडे, आंब्यांकडे, पोळीकडे पाहून आपले रूप बदलते. असे का व्हावे? ह्याचे मूळ संस्कृतातील कर्मणी रचनेत आहे. संस्कृतात ‘मया’ म्हणजे माझ्याकडून आंबा खाल्ला गेला, अशा धाटणीने भूतकाळ सांगत. त्या ‘मया’चा मराठी वंशज ‘म्यां’. जुन्या मराठीत ‘म्यां आंबा खाल्ला’ असेच लिहीत, आणि ‘मी जातो’ मधील ‘मी’ व हा ‘म्यां’ डोळ्यांना निरनिराळे दिसत. पुढे ‘म्यां’ मागे पडला, दोन्ही ठिकाणी ‘मी’ आला, आणि नियम झाकला गेला. कोकणीत तो अजून उघडा आहे. आम्ही घरी ‘हांव गेलों’ म्हणतो, परंतु ‘हांवें आंबो खालो’ म्हणतो. ‘हांव’ आणि ‘हांवें’ हा भेद आमच्या घरातील लहान मूलही चुकत नाही.

मग हैदराबादच्या मराठी मुलाचे का चुकावे? तो घराबाहेर पडताच दखनी ऐकतो. तीत ‘मैं रोटी खाया’ म्हणतात. भाजीवालीकडे, शेजारी, बसमध्ये तेलुगू ऐकतो. तीत ‘नेनु तिन्नानु’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्यालाच अनुसरते. शिवाय खुद्द मराठीतच शिकणे, विसरणे, पिणे असे काही सकर्मक धातू आहेत, ज्यांचे भूतकाळचे रूप कर्त्याप्रमाणे चालते : मी धडा शिकलो, मी नाव विसरलो, मी पाणी प्यालो. ह्या तिन्ही बाजूंची साक्ष काढून त्या मुलाने ‘खाल्लो’ असा निर्णय दिला होता. निर्णय चुकला, पण तर्क निर्बुद्ध नव्हता. आम्ही तांबड्या शाईने खोडला तो त्याचा विचार होता, हे दादोबांच्या वाटेने जाताना आम्हांस उमगले.

पुन्हा चरित्राकडे वळू. व्याकरणकार म्हणून नाव झाले तरी पोटासाठी नोकरी करणे दादोबांना प्राप्तच होते. माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. पुढे सुरत येथील इंग्रजी शाळेत ते शिक्षक झाले. मराठीचा हा वैयाकरण गुजराती मुलांना इंग्रजी शिकवू लागला! परभाषिकांत राहून विद्यादान करणे म्हणजे काय, हे आम्हां हैदराबादच्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. तेथे आपली भाषा रोज दुसऱ्या भाषेच्या शेजारी उभी राहते, आणि घरी जे कधी दिसले नाही ते तिच्यात दिसू लागते.

सुरतेत दुर्गाराम मेहताजी नावाचे एक तेजस्वी गुजराती शिक्षक होते. त्यांच्या आणि अन्य स्नेह्यांच्या सहवासात १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन झाली. भुताखेतांवरील श्रद्धा, जातिभेद, विधवांचे हाल ह्यांविषयी तेथे खुली चर्चा होई. पुढे १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचेही प्रेरणास्थान दादोबाच होते. ईश्वर एक आणि मनुष्यमात्र समान, हे तिचे सूत्र. परंतु ही सभा गुप्तपणे चाले. सभासद बंद दाराआड एकत्र भोजन करीत आणि बाहेर आपापल्या जातीच्या रीतीने वागत. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटल्याची वार्ता पसरताच अनेकांचा धीर सुटला आणि सभा मोडली. थोरांच्या चरित्रातील ही उणी बाजू विद्यार्थ्यांपासून लपवू नये असे आम्हांस वाटते. जे मनास पटले ते चारचौघांत आचरण्याचे धैर्य त्या पिढीला पुरेसे झाले नाही. तथापि तिने पेरलेल्या बीजातूनच प्रार्थना समाज उभा राहिला.

१८४६ साली दादोबा मुंबईस परतले आणि मराठी शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. आमच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील हे अत्यंत महत्त्वाचे पर्व होय. पुस्तक लिहिणे एक आणि ते वर्गात जिवंत करणारे शिक्षक घडविणे दुसरे; दादोबांना दोन्ही करावयास मिळाले. १८४८ साली तरुण विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने जी ज्ञानप्रसारक सभा निघाली, तिच्या मराठी शाखेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. शास्त्र, इतिहास, समाज अशा विषयांवरील निबंध मराठीत वाचले जाऊ लागले. ज्या भाषेचे नियम त्यांनी लिहिले, ती भाषा नवे ज्ञान पेलू शकते हे दाखविण्याची ही संधी होती. ह्याच सुमारास, १८५० साली, त्यांच्या व्याकरणाची दुसरी, पुष्कळ सुधारून वाढविलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पहिल्या पुस्तकावर कीर्ती मिळाली असता तेच पुन्हा पुन्हा छापीत बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही.

१८५२ मध्ये सरकारने त्यांना अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे डेप्युटी कलेक्टर नेमले. १८५७ च्या धामधुमीच्या काळात भिल्लांचा उठाव शमविण्याच्या कामगिरीबद्दल त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली. ज्या सत्तेवर त्यांच्या सख्ख्या भावाने टीकेचे आसूड ओढले होते, तिचीच सेवा त्यांनी निष्ठेने केली. एकाच घरात त्या काळाचे दोन्ही प्रवाह वाहत होते.

अहमदनगर जिल्ह्यातून गोदावरी ओलांडली की निजामाचे राज्य लागे. पलीकडच्या काठावरही मराठीच बोलली जाई. तरी तिचे नशीब निराळे होते. मुंबई इलाख्यात मुले दादोबांचे व्याकरण शिकत असताना इकडे दरबारात प्रथम फारसी आणि नंतर उर्दू चालली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. त्या परिस्थितीत विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी ह्या नगरीत मराठी शिक्षणाचा दिवा तेवत ठेवला. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचे मराठी लोक अन्य भाषांच्या प्रदेशात राहिले. येथील मराठी मुलाच्या वाक्यात दखनी आणि तेलुगू डोकावते, त्यामागे हा सारा इतिहास आहे. ती त्याच्या पत्त्याची खूण आहे.

सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर दादोबा पुन्हा ग्रंथांकडे वळले. १८६५ साली त्यांनी लहान मुलांसाठी ‘लघु व्याकरण’ रचले. मोठे व्याकरण लिहून झाल्यावर त्याच हाताने लहानांसाठी सोपे पुस्तक लिहिणे किती अवघड, हे ज्याने कधी सातवीला प्रयोग शिकविला आहे तोच जाणे. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका प्रसिद्ध झाली. आपल्या आईवडिलांची नावे ग्रंथाला देऊन त्यांनी त्यांचे ऋण फेडले.

दरम्यान त्यांच्या व्याकरणावर टीकाही होऊ लागली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रक’ मासिकातून मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांचे अनेक सिद्धांत तपासून पाहिले. कृष्णशास्त्री गोडबोले यांनी १८६७ साली आपले नवीन व्याकरण पुढे ठेवले. वादाचा एक मोठा विषय प्रयोग हाच होता. ‘तू कविता म्हटलीस’ ह्या वाक्यात क्रियापद ‘कविते’प्रमाणे स्त्रीलिंगी झाले, पण शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’कडून आला, मग हा प्रयोग कर्तरी म्हणावा की कर्मणी? अशा प्रश्नांवर वैयाकरणांच्या पिढ्यांनी लेखण्या झिजविल्या. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ह्या प्रचंड ग्रंथातही हा खल चालूच आहे. आमच्या विद्यार्थ्याची शंका किती मोठ्या मंडळींच्या पंक्तीत बसणारी होती, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. आणि खेदाची गोष्ट ही की आम्हांलाही नव्हते.

दादोबांचे वय झाले होते; लौकिकाला उणे नव्हते. तरीही १८८१ साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. पूरणिका म्हणजे उणे राहिलेले भरून काढणारे पुस्तक. बाविसाव्या वर्षी लिहिलेल्या ग्रंथाची दुरुस्ती पंचेचाळीस वर्षे चालू होती! दुसऱ्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र अपूर्णच राहिले होते. ते संपादून, त्याला पुढील चरित्राची जोड देऊन, १९४७ साली अनंत काकबा प्रियोळकर यांनी प्रकाशात आणले. हे साक्षेपी संशोधक गोमंतकीय होते, हे नमूद करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, दादोबांपासून आपण काय घ्यावे? त्यांचे सर्व नियम आज जसेच्या तसे टिकलेले नाहीत, आणि ते टिकावेत असा हट्ट त्यांनीही धरला नाही. नियम पोथीतून वर्गावर उतरत नाही. तो आपल्याच बोलण्यात दडलेला असतो आणि कान देऊन शोधावा लागतो. शोधताना चुकले तर पुन्हा पाहावे. सर्व महाराष्ट्र ज्यास गुरू मानीत होता, तो आपल्या ग्रंथापुढे अखेरपर्यंत विद्यार्थी म्हणून बसला.

त्या प्रसंगानंतर आम्ही तांबडी शाई टाकून दिली असे नाही. चूक ती चूकच. परंतु दहा वेळा लिहिण्याची शिक्षा बंद केली. वर्गात दोन कोष्टके आखली : एकात खाणे, लिहिणे, पाहणे यांसारखे धातू आणि दुसऱ्यात शिकणे, विसरणे, पिणे यांच्या जातीचे. घरी आजी कसे बोलते, वडील कसे बोलतात, मावशी कसे बोलते, ते ऐकून भर घालावी असे सांगितले. आठवड्याभरात दोन्ही कोष्टके फळ्यावर मावेनाशी झाली, आणि दोन ठिकाणी घराघरांतील बोलणे जुळेना म्हणून भांडणही जुंपले. व्याकरणाच्या तासाला भांडण व्हावे, ह्याहून शिक्षकाचे भाग्य ते कोणते!

तो विद्यार्थी शेवटी काय म्हणाला, ते सांगून हा लेख पुरा करू. गृहपाठाची वही आणली नाही म्हणून आम्ही त्याला जाब विचारला. तेव्हा तो उठून उभा राहिला, वही विसरलो म्हणाला, क्षणभर थांबला, आणि हे दुसऱ्या कोष्टकातले, असे हळूच जोडून खाली बसला. आम्ही त्याला त्या दिवशी रागावलो नाही.